उधारी कॉम्प्युटरात, किल्ली भलत्याकडे

जून लागला की वणी, दारव्हा, पांढरकवड्याच्या कृषी केंद्रांत पाय ठेवायला जागा नसते. बियाणं, खत, फवारणीचं औषध यातलं बरंचसं उधारीवर जातं आणि कापूस विकल्यावर फिटतं. ही उधारी आता अनेक ठिकाणी काउंटरवरच्या कॉम्प्युटरात असते. एका सकाळी ती फाइल उघडलीच नाही, तर कोणाकडे किती मागायचे?

रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारं घातक सॉफ्टवेअर, हेच करतं. फाइल जागेवरच असते, पण आतला मजकूर गणिती रीतीने पार विस्कटलेला. तो पूर्ववत करणारी किल्ली हल्लेखोराकडे. ती बहुधा १२८ किंवा २५६ बिटांची, म्हणजे शून्य-एकच्या तेवढ्या अंकांची असते. जगातले सगळे कॉम्प्युटर कामाला लावले तरी अंदाजाने सापडायची नाही. खंडणी भरूनही ती मिळेलच, याची हमी नाही.

"आपल्या एवढ्याशा दुकानावर कोण टपून बसलंय?" असं दुकानदार विचारतात. टपायला माणूस लागतच नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचं रॅन्समवेअर विंडोजमधल्या एका फटीतून आपोआप पसरत दीडशेच्या आसपास देशांत पोचलं. ती फट बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं. ज्यांनी ते टाकलं नाही, ते सापडले. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही, म्हणजे अशी अपडेट मिळणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. आणि हिशेबाचं क्रॅक केलेलं, म्हणजे परवाना न घेता चालवलेलं, सॉफ्टवेअर? ते टाकताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच सगळं आलं.

माझ्या मते खरा आधार बॅकअपचाच. पण कायम जोडून ठेवलेली हार्ड डिस्क बॅकअप नव्हे, कारण कॉम्प्युटरसोबत तीही लॉक होते. गल्ला मोजायच्या वेळी पेन ड्राइव्ह लावा, कॉपी झाली की काढून घरी न्या. दोन ठेवा, आलटून पालटून वापरा. अधूनमधून दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती कॉपी उघडून, एखाद्या गिऱ्हाइकाचं खातं नीट दिसतं का तेही बघा.

मोबाइलचा धोका वेगळा. 'पीएम किसान' किंवा 'आरटीओ चलान' अशा नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके (अ‍ॅप बसवणारी) फाइल टाकली आणि एसएमएस वाचायची परवानगी दिली, की बँकेचा ओटीपी परस्पर चोराकडे जातो. पैसे गेलेच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, बँकेत नंतर जा. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी तक्रार पोचली, तरच ती गोठवता येते.