कॉन्फोकल: प्रकाश अडवणारा सूक्ष्मदर्शक

काळ्याभोर पार्श्वभूमीवर निळं केंद्रक आणि भोवती हिरव्या तंतूंचं जाळं. 'जिवंत पेशीचं थक्क करणारं रूप!' अशा मथळ्याखाली कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाने टिपलेलं हे चित्र मोबाइलवर फिरत असतं. पुष्कळदा ती पेशी मेलेली असते. पॅराफॉर्माल्डिहाइड या रसायनाने तिची प्रथिनं जागच्या जागी जखडलेली असतात. रंगही तिचे नव्हेत. हव्या त्या प्रथिनाला फ्लुओरोसंट रेणू चिकटवलेले असतात. 488 नॅनोमीटरचा निळा लेसर पडला की ते हिरवे उजळतात.

साध्या फ्लुओरोसन्स सूक्ष्मदर्शकात वरखालचे थरही उजळतात आणि चित्र गढूळ होतं. यावरचा उपाय मार्व्हिन मिन्स्कीने 1950च्या दशकात हार्वर्डमध्ये शोधला. पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी गाजलेला हा माणूस तेव्हा मेंदूतल्या चेतापेशींची गुंतागुंत उलगडायच्या मागे होता. त्याची युक्ती म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या नळीपुढचं एक बारीक छिद्र!

लेसर नमुन्यातल्या एका बिंदूवर एकवटतो. तिथून निघालेला हिरवा प्रकाश त्याच भिंगातून मागे येतो आणि बरोबर छिद्रापाशी एकवटून पार होतो. बिंदूच्या खालून आलेला प्रकाश छिद्राच्या अलीकडेच एकवटतो, वरून आलेला पलीकडे एकवटू पाहतो. छिद्राच्या पातळीवर दोन्ही पसरलेले असतात, त्यामुळे त्यांचा बहुतेक भाग भोवतालच्या पत्र्यावर आपटतो. लेसर मात्र वरखालच्या थरांवरही पडतच असतो. म्हणूनच एकच थर टिपताना इतर थरांतले रेणूही फिके पडत जातात.

एका वेळी एकच बिंदू. हलणारे आरसे लेसर ओळीओळीने फिरवतात; 1024 गुणिले 1024 चित्रासाठी साडेदहा लाख बिंदू. मग पातळी किंचित सरकवून पुढचा थर. प्रकाश मोजणाऱ्या नळीला रंग कळत नाही, ती फक्त किती प्रकाश आला ते सांगते. रंग संगणक भरतो, हिरव्याच्या जागी जांभळाही भरता येतो.

छिद्र फार लहान केलं तर कामाचा प्रकाशही अडतो. सहसा ते एका एअरी एककाचं ठेवतात, म्हणजे विवर्तनामुळे, प्रकाशलहरींच्या पसरण्यामुळे, बिंदूची जी तबकडी दिसते तिच्या मधल्या तेजस्वी भागाएवढं. तरीही आडवा तपशील सुमारे 200 नॅनोमीटरपर्यंत मिळतो, तर उभा, खोलीच्या दिशेचा, 500च्या पुढेच. त्यामुळे त्रिमितीय चित्रात एखादी इवलीशी गोल पुटिका (पेशीतली पिशवी) उभी लांबट दिसली, तर दोष पुटिकेचा नाही, प्रकाशाचा आहे.