रात्रभर बॅकअप, सकाळी सर्च ढिम्म

हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीचा मेल सर्व्हर घ्या. बॅकअप रात्री लावतात, कारण तेव्हा कुणी काम करत नसतं. सकाळी अकाउंट्समधल्या मॅडम जुनं बिल शोधायला बसतात आणि स्क्रीनवर चक्र फिरत राहतं. सर्व्हर तर व्यवस्थित चालू असतो.

सर्च प्रत्येक वेळी सगळे मेल वाचत नाही. पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दसूची, म्हणजेच इंडेक्स, आधीच तयार असतो. तो मेमरीत असेल तर एक नोंद सुमारे 100 नॅनोसेकंदांत हाती येते. फिरत्या हार्ड डिस्कवरून आणायला 5 ते 10 मिलिसेकंद लागतात. फरक पन्नास हजार पटींच्या वर! पण मेमरी मोजकीच, म्हणून बराच वेळ न वापरलेला इंडेक्स सर्व्हर मेमरीतून उतरवतो.

बॅकअप इथेच घोळ घालतो. तो प्रत्येक फाइल एकदाच वाचतो, पण ऑपरेटिंग सिस्टिम नुकतं वाचलेलं जपून ठेवते आणि रोज लागणारं बाहेर ढकलते. ‘हे पुन्हा लागणार नाही’ असं लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमला सांगायची सोय आहे, बॅकअपने ती वापरायला हवी.

दुसरी भानगड जास्त नाजूक. इंडेक्स उतरवताना त्यातले न लिहिलेले बदल डिस्कवर जातात. नेमकी तीच फाइल कॉपी होत असेल, तर अर्धी जुनी, अर्धी नवी अशी प्रत मिळते. म्हणून ‘इतका वेळ वापरला नाही की उतरव’ अशा नुसत्या टायमरवर विसंबू नये. इंडेक्स किती जण वापरताहेत हे मोजावं, त्यात बॅकअपही धरावा आणि आकडा शून्यावर आला की मगच उतरवावा. बॅकअपने मात्र एक मेलबॉक्स झाला की त्याचा इंडेक्स लगेच सोडावा. सगळे शेवटपर्यंत धरून बसला तर मेमरी फुगते. आणि तो मध्येच कोलमडला तर आकडा शून्यावर येतच नाही, म्हणून त्या पकडीला मुदत हवीच.

डग कटिंग यांनी 1999 मध्ये सुरू केलेल्या ल्युसीन या सर्च सॉफ्टवेअरमध्ये इंडेक्सचे तुकडे एकदा लिहिले की बदलत नाहीत. नवे तुकडे बनतात, जुने पुसले जातात, आणि बॅकअप संपेपर्यंत जुने राखून ठेवता येतात. मात्र बॅकअप लांबला की डिस्क भरत जाते.

मला विचाराल तर छोट्या सर्व्हरवर इंडेक्सचा बॅकअप घेऊच नये. मूळ मेल शाबूत असले की तो पुन्हा बनवता येतो.