हॉबची जोडणी (गॅस आणि वीज)

ओट्यात बसवलेल्या शेगडीला, म्हणजे हॉबला, गॅसची लाइन आणि विजेचं कनेक्शन देणं म्हणजे हॉबची जोडणी. काम तासाभराचं असतं, पण हॉब एकदा ओट्यात बसला की खालचे जोड दिसत नाहीत, त्यामुळे तिथे केलेली घाई वर्षानुवर्षं तशीच राहते.

सगळ्यात आधी बघायचं की घरात गॅस कुठला आहे. सिलेंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड, तो गळला की खाली जमिनीलगत साचतो, पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका, तो वर छताकडे जातो. म्हणून एलपीजी असेल तर ओट्याखालच्या कपाटाला अगदी तळाशी जाळी हवी, वर ठेवलेली जाळी त्याच्या काही कामाची नाही. दोन्ही वायूंना स्वतःचा वास नसतो, आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा. दोघांचे जेटही, म्हणजे बर्नरमधे गॅस सोडणारी बारीक भोकाची तोंडंही, वेगळी, एलपीजीत तेवढ्याच आकारमानात साधारण अडीच पट उष्णता असते म्हणून त्याच्या जेटचं भोक बारीक असतं. नैसर्गिक वायूच्या जेटवर एलपीजी लावला तर लांब पिवळी ज्योत येते, भांडी काळी होतात आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो, ज्याला ना रंग ना वास. उलट केलं तर ज्योत नुसती मिणमिणते. हॉबच्या तळाला स्टिकर असतो, त्यावर कुठला गॅस ते लिहिलेलं असतं, हॉब ओट्यात टाकायच्या आधीच तो वाचून घ्यावा.

गॅसची लाइन लायसन असलेल्या फिटरनेच जोडावी, यात तडजोड नको. बंद करायचा कॉक हॉबच्या मागे किंवा बरोबर वर नको, बाजूला हवा, आग लागली तर ज्वाळेवरून हात न नेता तो बंद करता आला पाहिजे. नळी जेवढी लागेल तेवढीच, मधे जोड न देता, भिंतीच्या आतून न नेता आणि ओव्हनच्या गरम पाठीला न टेकता. नळीवर छापलेली मुदत संपली की नळी वरून कितीही चांगली दिसली तरी बदलायची.

मग गळती तपासणी. बर्नरचे नॉब बंद ठेवून कॉक उघडायचा आणि प्रत्येक जोडावर ब्रशने साबणाचं पाणी लावायचं, आणि थांबायचं, हे थांबणंच लोक विसरतात. मोठी गळती लगेच फेस काढते पण बारीक गळतीचा बुडबुडा टाचणीच्या डोक्याएवढा येतो आणि हळूहळू फुगत जातो, पाच सेकंदात नजर हटवली तर तो सुटतो. फिटर गेल्यावर माझ्या मते घरातल्यांनी हे स्वतः एकदा परत करावंच, यात धोका काही नाही. काडी पेटवून मात्र कधीही तपासू नये.

गॅस हॉबला वीज लागते ती फक्त ठिणगीपुरती, अगदी थोडी, पण तरी अर्थिंग असलेला तीन पिनचाच सॉकेट हवा, कारण वरचा पत्रा धातूचा असतो आणि त्यावर पाणी सांडतंच. गॅसच्या पाइपला अर्थिंगची वायर बांधून काम भागवणं फार धोक्याचं. इंडक्शन किंवा इलेक्ट्रिक हॉबचा हिशोब वेगळा, ७२०० वॉटचा हॉब २३० व्होल्टवर साधारण ३१ अँपिअर ओढतो, साध्या सॉकेटची आणि वायरची ती ताकदच नाही, त्याला मेन बोर्डापासून स्वतंत्र जाड वायर, त्याची एमसीबी (जास्त वीज ओढली गेली की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लागते. वायर कुठलीही असो, हॉबच्या गरम तळाला चिकटता कामा नये.

गॅसचा वास आला तर कॉक बंद, खिडक्या उघड्या, आणि विजेच्या बटणाला हात नाही, लावायलाही नाही आणि बंद करायलाही नाही, ठिणगी दोन्ही वेळा उडते. फोनसुद्धा बाहेर जाऊन करायचा.

शेवटची तपासणी ज्योतीची. ती निळी आणि बर्नरला धरून असावी. चांगल्या हॉबमधे ज्योतीजवळ थर्मोकपलची छोटी दांडी असते, ती तापली की वीज तयार होऊन आतला व्हॉल्व्ह उघडा धरला जातो आणि ज्योत विझून ती निवली की व्हॉल्व्ह मिटून गॅस बंद होतो, नॉब काही सेकंद दाबून ठेवायला सांगतात ते याचसाठी. ती काम करते का हे बघायला बर्नर थोडा वेळ पेटता ठेवून बाजूचा कॉक बंद करायचा, ज्योत विझली की कान देऊन उभं राहायचं, दांडी निवली की मिनिट-दीड मिनिटात आतून ‘टक्’ असा बारीक आवाज येतो, तो आला की व्हॉल्व्ह मिटला, मग आधी नॉब बंद आणि नंतरच कॉक परत उघडायचा.