कोर्तेसला देव कोणी केले?
मेक्सिकोवरच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत हमखास येणारा प्रसंग असा, की १५१९ साली उतरलेल्या एर्नान कोर्तेस या स्पॅनिश सेनानीला तिथल्या आस्तेक लोकांनी परतलेला केत्साल्कोआत्ल देव मानले. याला समकालीन पुरावा नाही. कोर्तेसने स्पेनच्या राजाला धाडलेल्या पत्रांत त्या देवाचे नावही येत नाही. ही कथा काही दशकांनी, मुख्यतः फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या धर्मप्रचारकांच्या लेखनातून आकाराला आली आणि तिने एका जाणत्या समाजाला विनाकारण भोळसट ठरवले, हा मला मोठा अन्याय वाटतो. १५२४ साली आलेल्या १२ फ्रान्सिस्कनांचे अनवाणी पाय आणि विरलेले झगे पाहून स्थानिक लोक ‘मोतोलिनिया’, म्हणजे दीनवाणा, असे म्हणू लागले. त्यांच्यातील तोरिबियो दे बेनाव्हेन्ते यांनी तेच नाव आपलेसे केले, आणि पुढे देवाच्या पुनरागमनाची कथा प्रथम नोंदवणाऱ्यांत तेच होते.