टॅबलेट म्हणजे मोठा फोन नव्हे, हे ब्राउझरला कधी कळणार?

टॅबलेटवर ब्राउझरमध्ये काही वाचायला घेतलं की बऱ्याचदा दोनातलं एक होतं. एकतर फोनवरचंच पान रबरासारखं ताणून समोर येतं, ओळी या टोकापासून त्या टोकापर्यंत, नाहीतर कंप्युटरवरचं पान येतं आणि त्यातल्या लिंक इतक्या बारीक की बोट ठेवावं एकीवर आणि उघडावी शेजारची. स्क्रीन मोठी, रिझोल्यूशन झकास, तरी वैताग. यात हार्डवेअर बिचारं निर्दोष आहे, खरी गोची अशी की ब्राउझर आणि वेबसाइट दोघंही अजून "हा फोन आहे का कंप्युटर" एवढाच प्रश्न विचारत बसलेत आणि टॅबलेट दोन्हीकडे नीट बसत नाही.

याची मुळं २००७ मध्ये आहेत. पहिला आयफोन आला तेव्हा जवळपास सगळं वेब मोठ्या मॉनिटरसाठी बनवलेलं, मग आयफोनच्या सफारी ब्राउझरने सरळ थाप मारायला सुरुवात केली, स्क्रीन ३२० पिक्सेल रुंद पण पानाला सांगायचं की मी ९८० पिक्सेल रुंद आहे, पान तेवढ्या रुंदीत मांडून घ्यायचं आणि मग सगळं साधारण एक तृतीयांश करून दाखवायचं, वाचायचं असेल तर डबल टॅप करून झूम करा. ज्या साइटना ही थाप नको होती त्यांच्यासाठी व्ह्यूपोर्ट नावाचा मेटा टॅग (पानाच्या कोडमध्ये लिहायची एक ओळ) आला, म्हणजे पानाने ब्राउझरला सांगायचं की बाबा खरी रुंदी काय ती सांग. तो टॅग आज जिकडेतिकडे दिसतो. मग २०१० मध्ये ९.७ इंची आयपॅड आला आणि त्याच वर्षी वेब डिझायनर ईथन मार्कॉट यांनी रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइनची कल्पना मांडली, की पान एकच ठेवा, रुंदीप्रमाणे त्याची मांडणी बदलू द्या.

आता रुंदी मोजायची कशात? स्क्रीनवरच्या खऱ्या ठिपक्यांत मोजून उपयोग नाही, कारण आजकालच्या फोनमध्येही ठिपके मॉनिटरएवढे असतात. म्हणून अँड्रॉइडमध्ये डीपी नावाचं माप आहे, साधारण १६० डीपी म्हणजे एक इंच, ठिपके कितीही दाट असोत. वेबपानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेतला पिक्सेलही असाच, ठिपक्यांशी न बांधलेला. अँड्रॉइडच्या जगात ६०० डीपी ही मोठी सीमारेषा मानतात, त्याच्या खाली फोनसारखी मांडणी, ६०० ते ८४० मधली, ८४० च्या वर मोठी. क्रोम टॅबलेटवर वरती टॅबची पट्टी दाखवतं आणि फोनवर तेच टॅब एका आकडा लिहिलेल्या चौकोनामागे लपवतं, ते याच हिशोबाने.

पण इथेच घोळ होतो. टॅबलेटवर स्क्रीन अर्धी करून एका बाजूला ब्राउझर आणि दुसऱ्या बाजूला नोट्स ठेवल्या की ब्राउझरच्या वाट्याला जेमतेम फोनएवढी रुंदी उरते. मग डिव्हाइस टॅबलेट आहे म्हणून मोठी मांडणी दाखवत राहिलात तर सगळं चेंगरतं. मोजायची ती खिडकीची रुंदी, डिव्हाइसचं नाव नाही.

आणि नावावर विसंबणं तसंही धोक्याचं. ब्राउझर प्रत्येक साइटला युझर एजंट नावाची एक ओळ पाठवतो, अँड्रॉइड फोनवर तिच्यात 'मोबाइल' असा शब्द असतो, टॅबलेटवर नसतो, एवढ्या एका शब्दावर कितीतरी साइट ठरवायच्या की कुठलं पान द्यायचं. २०१९ मध्ये आयपॅडची ऑपरेटिंग सिस्टिम आयपॅडओएस १३ आली आणि आयपॅडवरची सफारी सरळ आपण मॅक, म्हणजे ॲपलच्या कंप्युटरवर आहोत असं सांगायला लागली, का तर साइट डेस्कटॉपचं पान देतील. पान मोठं मिळालं खरं, पण बोट बोटच राहिलं ना.

बोटाचा मामला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच शेवटी बघितला जातो. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये एक नियम मांडला, लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान तितका तिथे पोचायला वेळ जास्त. माउसला यात एक फुकटची सवलत मिळते, पॉइंटर स्क्रीनच्या कडेला जाऊन अडतो, त्यामुळे अगदी कडेला असलेलं बटण कितीही जोरात माउस ढकलला तरी चुकत नाही आणि म्हणून कंप्युटरवर सगळ्यात वर चिकटलेली टॅबची पट्टी सोपी जाते. बोटाला ही सवलत नाही, ते कडेवरून खुशाल बाहेर जातं. तीच बारीक पट्टी टॅबलेटवर उचलून ठेवली की टॅब बंद करायची ती इवलीशी फुली पकडताना नाकीनऊ येतात. बोटाने दाबायचं बटण किमान केवढं असावं, तर अँड्रॉइडची शिफारस ४८ डीपीची आहे, म्हणजे साधारण साडेसात मिलिमीटर, ॲपलची ४४ पॉइंटची (पॉइंट हे डीपीसारखंच ठिपक्यांशी न बांधलेलं माप).

शिवाय धरायची पद्धत. फोनवर अ‍ॅड्रेस बार खाली आणला की अंगठ्याला बरं पडतं, पण टॅबलेट दोन्ही हातांनी बाजूंनी धरला तर अंगठे पोचतात कडेच्या पट्ट्यांवर, मधोमध खाली ठेवलेलं बटण तितकंच अडचणीचं. आडव्या टॅबलेटवर रुंदी भरपूर आणि उंची कमी, त्यात टॅबची पट्टी, अ‍ॅड्रेस बार आणि टाइप करायला गेलं की जवळपास अर्धी स्क्रीन खाणारा कीबोर्ड. त्यामुळे टॅब बाजूला उभे लावणं हे मला तरी जास्त शहाणपणाचं वाटतं, रुंदीतलं थोडं गेलं तर बिघडत नाही, उलट मजकुराची ओळ आटोपशीर होते. इंग्रजी मजकुरासाठी एका ओळीत ४५ ते ७५ अक्षरं बरी असं छपाईवाले पूर्वीपासून सांगत आलेत, १२८० पिक्सेल रुंद खिडकीत नेहमीच्या आकाराची अक्षरं आडवी पसरली तर ती सहज दीडशेच्या आसपास जातात आणि पुढची ओळ शोधताना डोळा चुकतो.

माउस नुसता वर नेला की उघडणारे मेनू ही आणखी एक डोकेदुखी, बोट 'नुसतं वर' नेता येत नाही. यावर सीएसएसमध्ये उपाय आहे, पान विचारू शकतं की इथलं पॉइंटर माउससारखं बारीक आहे का बोटासारखं जाडं, त्याला हॉवर, म्हणजे न दाबता नुसतं वर राहणं, जमतं का. म्हणजे टॅबलेटला ट्रॅकपॅड जोडला की बटणं आवळून घ्यायची आणि काढला की परत मोठी, असं करता येतं, करणारे कमी.

आणि आता घडीचे फोन आलेत, उलगडला की तोच फोन टॅबलेट होतो, पान वाचता वाचता रुंदी दुप्पट. इथे नुसती मांडणी बदलून भागत नाही, अर्धवट भरलेला फॉर्म आणि आपण जिथे वाचत होतो ती ओळ, दोन्ही जागच्या जागी राहायला हवेत, नाहीतर स्क्रीन मोठी केल्याची शिक्षा म्हणून सगळं पहिल्यापासून भरत बसा.