खोक्यात किती ऑस्ट्रेलिया?

माझा भाचा कॅलगरीत असतो. तिकडे जानेवारीत बाहेर उणे पंचवीस असतं तेव्हा लोक घरात कोंडून घेऊन जे काही उद्योग करतात त्यातला एक म्हणजे बेसमेंटमध्ये वाइन बनवणं, आणि कॅनडात घरच्यापुरती वाइन बनवायला कायद्याने काही अडचण नाही. तर ह्या वर्षी त्याने दोन किट्स आणली, एक इटलीतल्या टस्कनीचं, सांजोवेझे द्राक्षाचं आणि एक ऑस्ट्रेलियाच्या शिराजचं, म्हणजे शिराज नावाच्या काळ्या द्राक्षाचं, दोन्ही खोक्यांवर सोनेरी अक्षरात "लिमिटेड एडिशन". ही किट्स म्हणे फक्त हिवाळ्यात निघतात आणि ऑर्डर आधीच द्यावी लागते. व्हिडिओ कॉलवर खोकं कॅमेऱ्यासमोर धरून मला म्हणाला, "आत्या, तू केमिस्ट्री शिकवायचीस ना, मग सांग, ह्याच्यात खरंच ऑस्ट्रेलिया आहे की नुसतं लेबल?"

मी म्हंटलं आधी खोकं उघड, मग बोलू.

आत काय होतं सांगते. दहा लिटरची एक जाड प्लास्टिकची पिशवी, तिच्यात द्राक्षाचा दाट रस, म्हणजे साधा रस आणि आटवलेला रस मिसळून. यीस्टची पाच ग्रॅमची पुडी. ओक लाकडाचा चुरा. आणि चार-पाच बारीक पाकिटं, बेन्टोनाइट, मेटाबायसल्फाइट, सॉर्बेट वगैरे. सूचना अशी की पिशवी बादलीत ओता, नळाचं पाणी घालून २३ लिटर करा, यीस्ट टाका, आणि सहा-आठ आठवड्यांनी ३० बाटल्या भरा. म्हणजे बघा, दहा लिटर खोक्यातून आलं आणि तेरा लिटर नळातून!

इथे इंदूरला मी हे करून बघू शकत नाही हे आधीच सांगून टाकते, कारण मध्य प्रदेशात १९१५ चा आबकारी कायदा आहे आणि लायसन्सशिवाय घरात वाइन बनवणं हा गुन्हा आहे, आणि ह्या वयात ठाण्याच्या चकरा कोण मारणार. पण रस आटवायला तर कोणी अडवत नाही ना. म्हणून फेब्रुवारीत चोइथराम मंडीतून दोन किलो काळी द्राक्षं आणली, मिक्सरला फक्त एकदा गर्रकन फिरवून गाळली, सव्वा लिटरच्या आसपास रस निघाला. त्यातला एक कप फ्रिजमध्ये बाजूला ठेवला आणि बाकीचा जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर आटवत बसले, पाव व्हायला तास-दीड तास गेला. पहिल्या वीस मिनिटांत घरभर इतका सुंदर वास सुटला की वरच्या मजल्यावरून विचारणा झाली, काय चाललंय खाली. मला त्याच क्षणी कळलं की प्रयोगाचा निकाल लागला. जो वास घरभर पसरला तो पातेल्यातून गेला ना! नंतर त्या काकवीसारख्या पाकातला थोडा घेऊन, जेवढं उडालं होतं त्या प्रमाणात पाणी परत घालून फ्रिजमधल्या कपाशेजारी ठेवलं आणि घरच्यांना डोळे मिटून प्यायला दिलं. एकाला द्राक्ष म्हणाले, दुसऱ्याला मनुका.

इंदूरच्या माणसाला खरं तर हे समजवायलाच नको, आमचं अर्धं शहर माव्यावर जगतं. दूध आटवून मावा होतो, पण माव्यात पाणी घालून दूध होत नाही. जे उडालं ते उडालं आणि जे तापून बदललं ते बदललं. साखर आणि प्रोटीनचे घटक तापवले की त्यांच्यात ज्या रिॲक्शन होतात (मायार्ड रिॲक्शन म्हणतात, सराफ्यातल्या रबडीचा रंग तिचाच) त्यातून नवे वास तयार होतात, खरपूस, मनुकेसारखे. किटवाले अर्थात माझ्यासारखं पातेलं ठेवत नाहीत, ते हवा काढून घेतलेल्या बंद टाकीत रस आटवतात. दाब कमी केला की पाणी ५०-६० अंशालाच उकळतं, त्यामुळे रस करपत नाही, आणि उडणारा वास थंड करून पकडून परत रसात घालायचीही सोय असते. माझ्या पातेल्यापेक्षा हजार पटीने बरं. पण उडणारं सगळंच्या सगळं परत येत नाही.

मग राहतं काय? बरंच काही राहतं. साखर राहते आणि आंबटपणा राहतो. द्राक्षाचा मुख्य आंबटपणा टार्टरिक ॲसिडचा, जे फळांमध्ये तसं दुर्मिळच, आणि आपल्या स्वयंपाकघरात ते दुसऱ्या एकाच ठिकाणी भरपूर सापडतं, चिंचेत. दुसरं मॅलिक ॲसिड, सफरचंदातलं. आता प्रदेशाचा खेळ इथे सुरू होतो, कारण वेल उन्हात तापला की द्राक्षं हे मॅलिक ॲसिड श्वसनात जाळून टाकतात, टार्टरिक सहसा जळत नाही. म्हणून जर्मनीतल्या मोझेलसारख्या थंड भागातली द्राक्षं चरचरीत आंबट आणि गरम भागातली गोड, मवाळ. आपल्या नाशिककडे तर ह्यावर अख्खं वेळापत्रक बांधलेलं आहे, एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरला फळछाटणी, म्हणजे फळ हिवाळ्यात वाढावं आणि रात्री गार मिळाव्यात. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, आपल्याकडे त्याला झोपू देत नाहीत, दोनदा कात्री लावून त्याचं कॅलेंडरच फिरवलंय.

म्हणजे आंबट-गोडाचा हा तोल ही प्रदेशाची पहिली सही. आणि गंमत अशी की किट बनवताना नेमकी हीच सही खोडली जाते! कारण किट घेणारा घरी मोजमाप करत बसणार नाही, त्याची वाइन बिघडली तर तक्रार येणार, म्हणून कारखान्यातच साखर आणि ॲसिड ठरलेल्या आकड्यावर आणून ठेवतात. त्या वर्षी ऑस्ट्रेलियात ऊन जास्त होतं की पाऊस लांबला हे पिशवीत पोचता पोचता गुळगुळीत होतं. मला हे चूक वाटत नाही, धंद्याच्या दृष्टीने बरोबरच आहे, पण मग लेबलवर त्या डोंगरांचे फोटो छापू नका ना.

दुसरी सही सालीत असते. काळं द्राक्ष सोलून बघा, आत गर पांढरट-हिरवटच असतो (थोड्या जाती सोडून), रंग आणि तुरटपणा दोन्ही सालीतले. शिराजमध्ये जो काळ्या मिरीचा वास येतो तो रोटन्डोन नावाच्या एका रसायनाचा आहे, २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वाइन संशोधकांनी तो शोधला आणि कळलं की खऱ्या काळ्या मिरीतही हाच पदार्थ आहे. रेड वाइनच्या एका लिटरमध्ये १६ नॅनोग्रॅम असला तरी नाकाला कळतो, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग गुणिले सोळा, आणि तरीही त्यांच्या चाचणीत साधारण पाचातल्या एकाला तो सगळ्यात जास्त मात्रेत दिला तरी येतच नव्हता. मला वाटतं आमच्या घरात दोघे तसे आहेत, रस्समात मिरी घातली तरी विचारतात मिरी घातलीस का. तर हे रोटन्डोन सालीत असतं, थंड जागेच्या द्राक्षात जास्त असतं, आणि साली रसात भिजत आंबत असताना हळूहळू उतरतं. पिशवीत साली नाहीत. महागड्या किटमध्ये सालीचा वेगळा पॅक देतात तो ह्यासाठीच, आणि मी भाच्याला सांगितलं की पुढच्या वेळी पैसे द्यायचेच असतील तर सोनेरी अक्षरांना नको देऊस, त्या पॅकला दे.

पण सगळंच काही गेलेलं नसतं, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो. द्राक्षातले बरेच वास साखरेच्या कणाला बांधलेले असतात, त्या अवस्थेत त्यांना वासच नसतो आणि ते उडतही नाहीत. सोव्हिन्यों ब्लाँ नावाच्या पांढऱ्या वाइनमधला पॅशनफ्रूटसारखा वास तर रसात जवळजवळ नसतोच, तो वेगळ्या एका रेणूत कुलूपबंद असतो आणि यीस्ट येऊन कुलूप काढते तेव्हा बाहेर पडतो. म्हणजे आटवताना जे सुटं होतं ते गेलं, जे बांधलेलं होतं त्यातलं बरंचसं टिकलं. माझ्या पातेल्यातल्या मनुकेच्या पाकातही हे बांधलेले वास थोडेफार पडून असतील, त्यांना सोडवायला यीस्ट लागणार होती आणि ती टाकायला मला बंदी.

यीस्टचं नाव काढलं तर सांगते, भाच्याच्या पुडीवर लिहिलं होतं ईसी-१११८. ही जात मूळची फ्रान्सच्या शॅम्पेन भागातली, दणकट, कुठेही चालते, म्हणून किटवाल्यांची लाडकी. टस्कनीच्या खोक्यातही तीच, ऑस्ट्रेलियाच्या खोक्यातही तीच! तिसऱ्या दिवशी त्याचा घाबरून फोन आला की काहीच होत नाहीये, बुडबुडा नाही, फेस नाही, यीस्ट मेली. मी विचारलं तापमान किती, तर बेसमेंटमध्ये १५ अंश आणि बादली थेट सिमेंटच्या फरशीवर. अरे, जानेवारीत इडलीचं पीठ फुगत नाही म्हणून तुझी आजी डबा गोधडीत गुंडाळायची ते विसरलास का? सूचनेत २२ ते २४ अंश लिहिलेलं असतं ते उगाच नसतं. त्याने बादली लाकडी पाटावर ठेवली, भोवती ब्लँकेट, दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण टक-टक उडायला लागलं.

ते टक-टक म्हणजे काय ह्याचा हिशोब करून बघू. १८० ग्रॅम ग्लुकोजमधून कागदावर ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, जवळजवळ निम्मं-निम्मं. लिटरला साधारण १७ ग्रॅम साखर संपली की एक टक्का अल्कोहोल होतं. त्याच्या बादलीत लिटरला २२० ग्रॅम, म्हणजे तेरा टक्क्यांच्या आसपास, आणि २३ लिटरची मिळून पाच किलो साखर. त्यातून अडीच किलोच्या जवळ गॅस, आणि खोलीच्या तापमानाला त्याचं आकारमान होतं सुमारे १,३०० लिटर. गच्चीवर हजार लिटरची पाण्याची टाकी असते ना, ती भरून वर तीनशे लिटर, एका बादलीतून! म्हणून त्याला म्हंटलं झाकण घट्ट लावायचं नाही आणि बेसमेंटची खिडकी जरा उघडी ठेव, हा गॅस जड असतो, खाली साठतो.

बाकी पाकिटांचं थोडक्यात. बेन्टोनाइट ही माती आहे, मुलतानी मातीची जवळची बहीण, आपल्याकडे कच्छमध्ये निघते, तिच्या कणांवर ऋण भार असतो म्हणून वाइन गढूळ करणारी प्रोटीन्स तिला चिकटून तळाशी बसतात. शेवटी गाळ बसवायला जे कायटोसान देतात ते कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून करतात (शाकाहारी मंडळींनी नोंद घ्यावी). सॉर्बेट यीस्टला मारत नाही, फक्त पुढची पिल्लं होऊ देत नाही.

ही किटची कल्पना नवीन आहे असं भाच्याला वाटत होतं, तेही नाही. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती तेव्हा द्राक्षाचा रस आटवून त्याच्या विटा विकायचे, आणि सोबत इशारा असायचा की ही वीट पाण्यात विरघळवून भांडं वीस दिवस कपाटात ठेवू नका हं, नाहीतर त्याची वाइन होईल. ही रेसिपी नाहीतर काय?

परवा भाच्याने दोन्ही बाटल्यांची लेबलं झाकून मित्रांना प्यायला दिली. सहापैकी चौघांनी दोन्ही वेगळ्या आहेत हे ओळखलं, पण कुठली टस्कनीची ह्यावर भांडण. मला ते पटतं, कारण द्राक्षाची जात पिशवीतून बऱ्यापैकी शाबूत येते, प्रदेश तितका येत नाही. आणि पाण्याचं तर काय सांगावं, वाइनमध्ये ८५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, आणि त्याच्या बादलीतलं निम्म्याहून जास्त नळाचं, म्हणजे रॉकी पर्वतातून येणाऱ्या बो आणि एल्बो नद्यांचं. हे लॅबमध्ये पकडताही येतं. वेलीच्या पानांतून पाणी उडताना हलक्या ऑक्सिजनचं पाणी आधी उडतं, त्यामुळे द्राक्षात जड ऑक्सिजनवालं पाणी जास्त उरतं, नळाच्या पाण्यात ते तितकं नसतं. वाइनमध्ये पाणी मिसळणारे भामटे ह्याच हिशोबाने सापडतात. भाचा भामटा नाही, त्याच्या खोक्यावर पाणी घाला असंच लिहिलंय.

माझ्याकडे पाऊण वाटी द्राक्षाचा पाक उरला होता, टाकवेना. गुरुवारी आमटीत चिंचही घातली नाही आणि गूळही, तो पाकच दोन चमचे घातला, टार्टरिकही त्यातलं आणि साखरही. जेवताना कोणी काही बोललं नाही, फक्त सासूबाईंनी वाटी तिरकी करून आत बघितलं आणि विचारलं, आज मनुका घातल्यास का गं?