ही कणकण कुठून येते? इंटरफेरॉन आणि एचआयव्ही

दसऱ्यानंतर बीड, धारूर, पाटोद्याच्या टोळ्या ऊसतोडीला उतरतात. फडावर कुणाला ताप आला, अंग मोडून आलं, की सुई-सलाईन होतं आणि माणूस पुन्हा कोयता धरतो. बहुतेकदा तो साधाच ताप असतो. पण एचआयव्हीची लागण झाल्यावर २ ते ४ आठवड्यांनी येणारा तापही हुबेहूब असाच असतो. तेव्हा अँटिबॉडीची तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. जोखीम घडली असेल तर ३ महिन्यांनी ती पुन्हा करावीच लागते.

ही कणकण विषाणूपेक्षा जास्त आपल्याच शरीराची असते. तिच्यामागे मुख्यतः इंटरफेरॉन असतं, म्हणजे विषाणू शिरल्याचा इशारा पेशींना देणारं प्रथिन. १९५७ मध्ये लंडनला ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमन यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याचे तुकडे उष्णतेने मारलेल्या फ्लूच्या विषाणूसोबत ठेवले. नंतर वरचं पाणी ताज्या तुकड्यांवर घातलं, तर त्यांत जिवंत विषाणूही वाढेना. त्या पाण्यातल्या प्रथिनाला त्यांनी हे नाव दिलं.

एचआयव्हीत हा इशारा मिळाला की पेशी शेकडो जनुकं चालू करतात. त्यांतून बनणाऱ्या प्रथिनांपैकी २००२ मध्ये सापडलेलं ॲपोबेक-३जी नव्या विषाणूत शिरून त्याची प्रत बिघडवतं. टेथरिन बाहेर पडणाऱ्या विषाणूला पेशीलाच बांधून ठेवतं. विषाणूच्या प्रथिनांकडेही तोड आहे : व्हिफ पहिल्याला नष्ट करायला लावतं, व्हीपीयू दुसऱ्याला बाजूला काढतं.

मग बाहेरून इंटरफेरॉन दिलं तर? १९९० मध्ये केनियात अल्प मात्रेतल्या, तोंडावाटे घ्यायच्या इंटरफेरॉनचा मोठा गाजावाजा झाला. नियंत्रित चाचण्यांत फायदा दिसला नाही. २०१४ च्या, एचआयव्हीच्या भाईबंद विषाणूच्या (एसआयव्ही) माकडांवरच्या प्रयोगाने वेळेचं महत्त्व दाखवलं. सुरुवातीलाच इंटरफेरॉनची वाट अडवली, तर विषाणूचा साठा वाढला आणि सीडी४ पेशी (हा विषाणू ज्यांना मारतो त्या संरक्षक पेशी) लवकर घटल्या. आधीपासून इंटरफेरॉन दिलं तर लागण काही काळ टळली. पण देतच राहिल्यावर पेशी त्याला दाद देईनात आणि सीडी४ पेशी उलट वेगाने घटल्या. आफ्रिकेतली सूटी मँगाबे माकडं अंगात भरपूर एसआयव्ही घेऊनही सहसा आजारी पडत नाहीत. त्यांच्यात इंटरफेरॉनची ही धग काही आठवड्यांतच निवते. माणसात ती वर्षानुवर्षं धुमसते, आणि आमच्या मते खरा घात तिथेच आहे.

भारतात १ एप्रिल २००४ ला मोफत एआरटी (एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधं) सुरू झाली, तेव्हा सीडी४ पेशींची संख्या २०० च्या खाली येईपर्यंत बहुतेकांना थांबावं लागे. तोवर आतली धग चालूच. २०१७ पासून निदान होताच गोळी मिळते. विषाणू दबला की इंटरफेरॉनही बरंच उतरतं. गोळ्या सुटल्या तर बहुतेकांत काही आठवड्यांतच दोन्ही परत चढतात. म्हणून टोळीबरोबर निघण्याआधी एआरटी केंद्रात जाऊन किती दिवस बाहेर राहणार ते सांगावं आणि तेवढ्या गोळ्यांची सोय करून घ्यावी.